मुलीचा संगणक आणि दोन कार्डांचा पेच

साधे ग्राफिक्स कार्ड घ्यावे की वर्कस्टेशनचे? पैसे मोजण्यापूर्वी घराने विचारायचे काही प्रश्न

वर्षावासातले त्या दिवशीचे ग्रंथवाचन संपले होते. सरणत्तय झाले, ग्रंथ कपाटात ठेवला गेला, उपासक-उपासिका आपापल्या घरी निघाल्या. एक ताई मात्र विहाराच्या पायरीवर आमच्यासाठी थांबल्या होत्या. हातात संगणकाच्या दुकानातून आणलेले कोटेशन होते. थोरली मुलगी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरातली पहिलीच इंजिनीअर होणारी. कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद होते आणि ड्रॉइंगचे काम अर्धेच राहते, म्हणून तिला घरी संगणक हवा होता. मुलीने शिष्यवृत्तीतले पैसे मागे टाकले होते, उरलेल्या रकमेसाठी आईने बचत गटातून कर्ज उचलले होते.

"भाऊ, एवढे वाचून सांगा," ताई म्हणाल्या.

कोटेशनात सगळे ठीक होते. फक्त एका ओळीपाशी दुकानदाराने दोन किमती लिहिल्या होत्या. एक साध्या ग्राफिक्स कार्डाची, दुसरी वर्कस्टेशन ग्राफिक्स कार्डाची. दोन्हींतला फरक त्या माउलीच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा होता. दुकानदाराचे म्हणणे असे, की "मावशी, मुलगी इंजिनीअर होणार ना? मग इंजिनीअर लोकांचेच कार्ड घ्या. ते दुसरे पोरांच्या गेमसाठी असते."

मग ताईंनी हळूच विचारले, "भाऊ, कमी पैशाचे घेतले आणि त्यापायी पोरीचे शिक्षण अडले, तर?"

हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. आज आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आर्किटेक्चरला आहेत, ॲनिमेशनला आहेत, आयटीआयच्या ड्राफ्ट्समन कोर्सला आहेत, टूल रूममध्ये नोकरीला आहेत. घरातले पहिलेच शिकणारे असले, की विचारायला घरात कोणी नसते. अशा वेळी महाग म्हणजे चांगले, हाच एक हिशेब आई-बापांच्या हाती उरतो. म्हणून हा विषय आम्ही कुटुंबाच्या पानावर मुद्दाम घेत आहोत.

आमची चूक

ताईंना आम्ही तिथल्या तिथे उत्तर दिले नाही, त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी विहाराच्या अभ्यासिकेसाठी संगणक घ्यायचे ठरले. दानपेटीतली रक्कम आणि घरोघरचे शंभर-दोनशे असा पैसा जमला. दुकानात आम्हाला एक वापरलेले, पण 'प्रोफेशनल' कार्ड दाखवण्यात आले. त्या शब्दाची आम्हाला भुरळ पडली. आणून पाहतो तो कार्डाच्या मागे सगळी तोंडे मिनी डिस्प्लेपोर्टची, आणि आमच्या मॉनिटरला एचडीएमआयची वायर! जोडणीसाठी वेगळा कन्व्हर्टर आणावा लागला.

पुढे उमगले ते याहून वाईट होते. अभ्यासिकेत चालते काय? स्पर्धा परीक्षांचे अर्ज, टायपिंग, १४ एप्रिलच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमपत्रिका. या कामाला कार्डाची गरजच नव्हती. प्रोसेसरमध्ये मुळात असलेल्या ग्राफिक्सवर ते आरामात झाले असते. त्या पैशात पुस्तकांचे एक कपाट भरले असते. दानाचा पैसा होता, म्हणून ती चूक आजही टोचते. दुकानदाराने फसवले असेही आम्हाला म्हणता येत नाही. त्याने माल पुढे ठेवला आणि आम्ही न विचारता घेतला. न विचारण्याचे कारण सांगायलाही आता हरकत नाही. 'यांना काही कळत नाही' असे दुकानदाराला वाटू नये, म्हणून आम्ही गप्प बसलो होतो!

म्हणून या वेळी ताईंना म्हटले, "ताई, दोन दिवस द्या." आणि त्यांच्या मुलीला घेऊन अभ्यासिकेत बसलो. त्यातून जे हाती लागले ते येथे देत आहोत.

हे कार्ड करते तरी काय?

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढायचे म्हटले, तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो.

प्रोसेसर म्हणजे एखादा कुशल चित्रकार. अवघड काम तो झटपट करतो, पण त्याचे हात मोजके. ग्राफिक्स कार्ड म्हणजे विहाराची भिंत रंगवायला जमलेली वस्तीतली हजार पोरे. एकेकाला एकच वीट दिली, की भिंत बघता बघता रंगून होते. कार्डावरच्या या लहान लहान हातांना 'कोअर' म्हणतात. या हातांना लागणारे सामान जवळ ठेवण्यासाठी कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. किती कोअर, किती मेमरी आणि त्या मेमरीतून सामान किती वेगाने हाती येते, यावर कार्डाचे बळ ठरते.

साधे लिहिण्या-वाचण्याचे काम असेल, तर प्रोसेसरमधले ग्राफिक्स पुरते. मात्र एक खूण ध्यानात ठेवावी. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असते, त्यात ग्राफिक्स नसते. तो घेतला, तर कार्डाशिवाय पडदा उजळत नाही. चार पैसे वाचवायला 'एफ'चा प्रोसेसर घ्यायचा आणि मग नाइलाजाने कार्डावर खर्च करायचा, असे अनेकांचे होते.

इंजिन एक, गाड्या दोन

एके काळी वर्कस्टेशन हे खरोखरच वेगळे यंत्र होते. १९९३ साली आलेल्या 'जुरासिक पार्क' चित्रपटातले संगणकावरचे डायनोसॉर सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या वर्कस्टेशनवर तयार झाले. तसली यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती. त्याच १९९३ साली अमेरिकेत एनव्हिडिया ही कंपनी स्थापन झाली. १९९९ मध्ये तिने घरगुती संगणकासाठी 'जीफोर्स २५६' हे कार्ड आणले आणि त्याच जातीच्या चिपवर कारखान्यांतील व कार्यालयांतील कामासाठी 'क्वाड्रो' नावाची दुसरी मालिका सुरू केली. तेव्हापासून दोन मालिका शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. २०२० नंतरच्या नव्या कार्डांवरून क्वाड्रो हे नाव गेले, पण मालिका राहिली. एएमडी कंपनीच्याही अशाच दोन मालिका आहेत. घरासाठी रेडिऑन, कामासाठी रेडिऑन प्रो.

आता खरी गंमत पाहा. २०२४ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाने 'जीफोर्स आरटीएक्स ३०५०' या कार्डाची ६ जीबी मेमरीची आवृत्ती आणली. हे साधे, सुरुवातीच्या पायरीचे कार्ड. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'आरटीएक्स ए१०००' हे वर्कस्टेशन कार्ड जाहीर झाले. दोन्हींच्या पोटात एकाच जातीची चिप आहे. कोअर दोन्हींत २३०४. कागदावर दिलेला हिशेबाचा वेगही जवळपास सारखाच. आणि हा योगायोग नव्हे. २०१९ चे साधे 'जीटीएक्स १६५०' आणि २०२१ चे वर्कस्टेशनचे 'टी१०००' यांचीही तीच कथा. दोन्हींत एकच चिप, दोन्हींत ८९६ कोअर.

एकाच इंजिनावर तीन आसनी रिक्षाही धावते आणि मालवाहू टेम्पोही धावतो, तसेच हे. तरीही वर्कस्टेशनच्या कार्डाला दुप्पट किंवा त्याहून अधिक पैसे मोजावे लागतात, हा बाजारातला नेहमीचा अनुभव. वर चिकटवलेल्या नावावरून दर्जा आणि दर ठरवण्याची रीत आपल्या समाजाला नवी नाही. त्यामुळे नाव बाजूला सारून आत काय आहे ते पाहण्याची सवय आपल्याला तरी असलीच पाहिजे. पण न्यायाने बोलायचे, तर जादा पैसे सगळेच नावाचे नसतात. त्यात काही खरेही असते. ते कोणते, हे समजून घेऊ.

जादा पैसे कशाचे?

पहिली गोष्ट ड्रायव्हरची. कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला ड्रायव्हर म्हणतात. यंत्राचे सुटे भाग काढताना पडद्यावर बारीक रेघांचे दाट जाळे असते. या रेघा वेगाने आणि अचूक काढण्याची काही कामे वर्कस्टेशनच्या ड्रायव्हरमध्ये मोकळी असतात आणि घरगुती कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये आखडलेली असतात. सीमेन्सच्या एनएक्स या सॉफ्टवेअरच्या चाचणीत म्हणूनच लहानसे वर्कस्टेशन कार्डसुद्धा त्याहून दांडग्या घरगुती कार्डाला मागे टाकते. चिपचे बळ तेच, पण दरवाजा कोणता उघडा आहे यावर सगळे अवलंबून.

यातली काही कुलपे निव्वळ सॉफ्टवेअरची होती, हेही सांगितले पाहिजे. २००० नंतरच्या काही वर्षांत हौशी तंत्रज्ञांनी युक्तीने साध्या जीफोर्स कार्डाला क्वाड्रो म्हणून ओळखायला लावले होते. पुढे कंपनीने त्या वाटा बंद केल्या. उलट, फोटो-छपाईच्या कामात लागणारी रंगांच्या अधिक सूक्ष्म छटांची एक सोय आधी क्वाड्रोपुरती राखीव होती. २०१९ मध्ये कंपनीने ती नव्या ड्रायव्हरद्वारे साध्या कार्डांनाही खुली केली. ग्राहकाच्या हातातले कार्ड तेच राहिले आणि दरवाजा उघडला!

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. सॉलिडवर्क्स, एनएक्स, कॅटिया यांसारख्या सॉफ्टवेअरच्या कंपन्या ठरावीक कार्डे तपासून त्यांची यादी देतात. त्या यादीत वर्कस्टेशनची कार्डे असतात. चित्र फाटले, प्रोग्राम अडकला आणि मदत मागितली, तर कार्ड यादीतले आहे का, हा प्रश्न आधी येतो. सॉलिडवर्क्समधील रिअलव्ह्यूसारखी, भागांची झळाळी खरी भासवणारी सोयही प्रमाणित कार्डांसाठीच ठेवलेली आहे.

तिसरी गोष्ट मेमरीची. वरच्या जोडीत साध्या कार्डावर ६ जीबी आहे, तर वर्कस्टेशनवर ८ जीबी. मेमरीपासून चिपपर्यंतचा रस्ताही पहिल्यात ९६ बिटचा, तर दुसऱ्यात १२८ बिटचा, म्हणजे थोडा रुंद. मोठ्या वर्कस्टेशन कार्डांत आपली चूक आपणच दुरुस्त करणारी 'ईसीसी' मेमरीही असते. पुलाच्या किंवा विमानाच्या भागांची गणिते रात्रभर चालवणाऱ्यांना तिचे मोल. ती मोठ्या कार्डांची गोष्ट आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. सुरुवातीच्या पायरीची वर्कस्टेशन कार्डे घेणाऱ्याने ती आपल्याला मिळालीच, असे धरून चालू नये.

चौथी गोष्ट आकाराची आणि विजेची. ए१००० हे कार्ड बुटके आणि एका खाचेत बसणारे आहे, वीज ५० वॅट. साधे ३०५० चे ६ जीबीचे कार्ड ७० वॅटचे, आणि बहुधा जाडही. ऑफिसातून निघालेला चपटा, लहान कॅबिनेटचा संगणक घेतला असेल, तर त्यात जाड कार्ड बसतच नाही. तिथे बुटक्या कार्डाला पर्याय नसतो. पण 'वीज वाचते म्हणून घ्या' असे कोणी म्हणाले, तर हिशेब करावा. फरक २० वॅटचा. रोज पाच तास धरले, तर दहा दिवसांत एक युनिट, वर्षाला सुमारे ३६ युनिट. तेवढ्या बचतीतून दुप्पट किंमत भरून निघायला आयुष्य जाईल.

कोणाला काय पुरते?

यावरून आम्ही आणि त्या मुलीने मिळून कामांची वाटणी केली ती अशी.

डीटीपी, बॅनर, पत्रिका, मराठी टायपिंग, ऑनलाइन वर्ग: वेगळ्या कार्डाची गरज नाही. पैसे असतील तर रॅम आणि एसएसडी यांवर घालावेत.

सिव्हिल डिप्लोमा, ड्राफ्ट्समन, ऑटोकॅडमधील सपाट नकाशे: हे काम मुख्यतः प्रोसेसरच्या एका कोअरच्या वेगावर चालते. बहुतेक विद्यार्थ्यांचे काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर निभते. रेव्हिटलाही आधी प्रोसेसर आणि रॅमच हवी.

आर्किटेक्चरचे रंगीत देखावे, लुमिऑन, ट्विनमोशनसारखी सॉफ्टवेअर: येथे कार्ड लागते, पण साधेच. त्याच पैशात वर्कस्टेशन कार्डापेक्षा जास्त बळाचे आणि जास्त मेमरीचे घरगुती कार्ड मिळते. या कामात बळच उपयोगी पडते.

ॲनिमेशन आणि ब्लेंडर: ब्लेंडर २००२ पासून सर्वांना मोफत खुले आहे आणि साध्या कार्डावर उत्तम चालते. आपल्या मुला-मुलींसाठी तर ही मोठीच संधी. भीमगीतांचे व्हिडिओ जोडण्याचे, संकलनाचे कामही साध्या कार्डावर होते.

सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरवर शिकणारे विद्यार्थी: दहा-वीस भागांची जोडणी असलेले अभ्यासाचे काम साध्या कार्डावर होते. काही सोयी दिसणार नाहीत, पण त्यावाचून परीक्षा अडत नाही.

नोकरी किंवा जॉबवर्क, शेकडो-हजारो भागांची यंत्रे, एनएक्स, कॅटिया, क्रिओ: येथे मात्र वर्कस्टेशन कार्ड घ्यावे, आणि ते सॉफ्टवेअर कंपनीच्या यादीत पाहून घ्यावे.

या शेवटच्या ओळीचे उदाहरण आमच्यासमोर आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत टूल रूमची कामे घरून करून देणारा एक तरुण आमच्या परिचयाचा आहे. मोठा साचा पडद्यावर फिरवताना साधे कार्ड अडखळे, एखादी कड दिसेनाशी होई. रात्री केलेले काम सकाळी पुन्हा तपासावे लागे. साच्यात चूक गेली, तर लोखंड वाया जाते आणि काम देणारा पुन्हा दारात येत नाही. त्याने प्रमाणित कार्ड घेतले, ते योग्यच केले. कामच त्याचे पैसे फेडत होते. विद्यार्थ्याच्या कार्डाचे पैसे मात्र आईच्या पदरातून जातात. हा फरक दुकानात कोणी सांगत नाही.

नावावर जाऊ नका

आणखी एक सावधगिरी. एकाच नावाने दोन वेगळी कार्डे विकली जातात. ३०५० चेच पाहा. २०२२ मध्ये आलेल्या ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आहेत आणि वीज १३० वॅट. २०२४ च्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ७० वॅट. दोन्हींच्या खोक्यावर ३०५० च! याआधी २०१७ मध्ये आलेल्या 'जीटी १०३०' ची २०१८ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. नाव तेच, पण मेमरी डीडीआर४ जातीची. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ जीबीच्याही खाली आला. ज्याने केवळ नाव वाचले, त्याच्या पदरी जवळजवळ एक तृतीयांश वेग पडला.

विजेचेही ध्यान ठेवावे. मदरबोर्डावरची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्याहून अधिक खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. जुना, हलक्या प्रतीचा एसएमपीएस असेल, तर कार्डाबरोबर तोही बदलावा लागतो, आणि तो खर्च कोटेशनात लिहिलेला नसतो.

जुने घ्यावे का?

वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा नाही. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थीदशेत पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमवले. पुस्तक जुने आहे म्हणून त्यांनी नाक मुरडले नाही, आणि स्वस्त आहे म्हणून नको ते उचललेही नाही. आपणही तेच करावे.

मात्र जुन्या कार्डांचा बाजार निसरडा आहे. इथेरियम नावाचे आभासी चलन 'खणण्यासाठी' लोक ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस चालवीत. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली आणि ती कार्डे कामावाचून पडून जुन्या बाजारात आली. असे प्रत्येक कार्ड खराबच असते असे नाही, पण पंखा आणि तापमान तपासल्याशिवाय घेऊ नये. दुसरे म्हणजे बनावट कार्डे. फार जुन्या कार्डाच्या आतली नोंद बदलून ते नव्या नावाने विकतात. संगणकही मग तेच खोटे नाव दाखवतो! 'जीपीयू-झेड' नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. त्यात २०१८ पासून अशी अनेक बनावट एनव्हिडिया कार्डे ओळखण्याची सोय झाली आहे. तो दुकानातच, पैसे देण्याआधी, चालवून पाहावा.

दुकानात जाताना

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले, की कोणी मोठा माणूस म्हणतो म्हणून, किंवा परंपरेने चालत आले म्हणून मान्य करू नका. स्वतः पारखून घ्या. हा उपदेश केवळ वंदनेच्या वेळी आठवायचा नाही. दुकानाच्या काउंटरवरही तो लागू पडतो. आम्ही त्या मुलीबरोबर बसून सहा प्रश्न कागदावर उतरवले. तेच येथे देतो.

१. माझे कोर्सचे सॉफ्टवेअर कोणते? ते कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे किमान कोणत्या कार्डावर चालते?
२. कार्डाचे पूर्ण नाव काय? मेमरी किती जीबी, कोणत्या जातीची आणि किती बिटची?
३. वीज किती वॅट? माझ्या एसएमपीएसला झेपेल का? वेगळी वायर लागेल का?
४. माझ्या कॅबिनेटमध्ये बसेल का? मॉनिटरची वायर त्याला थेट लागेल, की कन्व्हर्टर घ्यावा लागेल?
५. वॉरंटी किती वर्षांची, आणि पक्क्या बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून मिळेल का?
६. हे कार्ड घेतले नाही तर माझे नेमके कोणते काम अडेल?

सहावा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे नेमके उत्तर दुकानदाराला देता आले नाही, तर ते कार्ड तूर्त आपल्यासाठी नाही, असे खुशाल समजावे. आणखी एक गोष्ट. कार्ड नंतरही बसवता येते. डेस्कटॉप संगणकाचा हा मोठाच गुण आहे. आज पैसे नसतील, तर ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा, काम सुरू करावे आणि गरज खरोखर भासेल तेव्हा कार्ड घालावे.

पुढे काय झाले?

दोन दिवसांनी ताई, मुलगी आणि आम्ही असे तिघे दुकानात गेलो. बोलायचे मुलीने, असे आधीच ठरले होते. सुरुवातीला तिचा आवाज बारीक होता. तिसऱ्या प्रश्नापर्यंत दुकानदार खुर्चीवरून पुढे सरकून बसला होता. सहाव्या प्रश्नावर तो हसला आणि म्हणाला, "ताई, दुसऱ्या वर्षाच्या कामाला साधे कार्डच पुरेल. मोठी असेंब्ली उघडायची झाली, तर तेवढी कॉलेजच्या लॅबमध्ये करा." मावशीबरोबर आलेली मुलगी दहा मिनिटांत त्याच्या लेखी 'ताई' झाली होती!

साधे कार्ड घेतले. वाचलेल्या पैशातला एक भाग रॅम १६ जीबी करण्यात गेला. उरलेले ताईंनी त्याच आठवड्यात बचत गटाला परत केले, म्हणजे कर्जाचा हप्ता कमी झाला. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हे कार्ड कमी पडले तर काय, हा प्रश्न उरतोच. तो त्या वेळी सोडवू. तेव्हा कॉलेजची लॅब आहे, आणि कार्ड बदलायची खाचही आहे. मुलगी आता रात्री जेवणानंतर घरी ड्रॉइंग करते आणि ताई शेजारी बसून पडद्यावर फिरणारा दातेरी गिअर पाहतात.

शिकण्याच्या वाटेवर पैसा लागतो, हे बाबासाहेब जाणून होते. १९४४ साली सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीमुळे आपल्या किती पिढ्या कॉलेजची पायरी चढल्या! त्या शिष्यवृत्तीचा रुपया कशावर जातो, हे पाहणे आपले काम आहे. त्रिसूत्रीतले 'शिका' हे पुस्तकापुरते नाही. एखादी वस्तू घेताना प्रश्न विचारायला शिकणे हेही त्यातच आले.

ते सहा प्रश्न आम्ही मोठ्या अक्षरात लिहून अभ्यासिकेच्या भिंतीवर लावले आहेत. वाचकांनी आपल्या विहारातही लावावेत. आणि ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी या क्षेत्रात पुढे गेली आहे, त्यांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसून नव्या मुलांची कोटेशने वाचून द्यावीत. आमच्यासारख्यांनी चुकून शिकलेले, त्यांना जाणून सांगता येईल.

जयभीम!